ओमाहा ते सॉल्ट लेक: फेब्रुवारीत ट्रेलरवर लेथ घरी नेताना

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. नेब्रास्कातल्या ओमाहामधल्या एका बंद झालेल्या वर्कशॉपमधून तुम्ही जुनं लेथ (धातू कातायचं यंत्र) घेतलंय. वजन साधारण १,५०० पौंड, शिवाय टूलिंगने भरलेली दोन लोखंडी कपाटं. मित्राचा चौदा फुटी, दोन अ‍ॅक्सलचा उघडा ट्रेलर मिळतोय, तुमची हाफ-टन (म्हणजे हलक्या वर्गातली) पिकअप फोर-व्हील-ड्राइव्ह आहे. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी माल चढवायचा, वाटेत कुठेतरी झोपायचं, रविवारी रात्री सॉल्ट लेक सिटीला घर गाठायचं आणि सोमवारी ऑफिस. विचारलंय ते एवढंच: बर्फासाठी टायरवर घालायच्या साखळ्या घ्याव्यात का, आणि मागच्या वजनामुळे बर्फावर पिकअपची पकड वाढते हे खरं का.

साखळ्या घ्या. पकडीबद्दल ऐकलंत ते अर्धं खरं आहे, त्याकडे पुढे येतो. पण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते शेवटचं वाक्य, सोमवारी ऑफिस. टायर, साखळ्या, हिच (ट्रेलर जोडायची गाडीची जोडणी) यांच्यात जे काही कमी आहे ते दुकानात मिळतं. तारीख पक्की करून निघालेला माणूस मात्र वारा सुटलेला दिसत असूनही पुढे जात राहतो, आणि वाटेतल्या वायोमिंगमध्ये नेमकं तेच नको.

मी लिंकनला राहतो. जुनी लेथ, मिलिंग मशीन, शेपर घ्यायची, नीट करून विकायची आणि गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन द्यायची हा माझा धंदा. लोखंड हलवायचं बाळकडू कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं. पहारीने उचलून, खाली पाइपचे तुकडे सरकवत मोठमोठी मशीनं गल्लीतून नेताना तिथे पोरं शाळेतून येता-जाता बघतात. बर्फावरून ओढायचं मात्र इथेच शिकलो. तेव्हा खाली लिहितोय ती माझी पद्धत आहे. तुमच्या गाडीचं हिच किती वजनाला मान्य आहे, मित्राच्या ट्रेलरचे ब्रेक खरंच चालतात का, आणि त्या आठवड्यात हवा कशी आहे, यावर बरंच काही बदलेल.

ओमाहा ते सॉल्ट लेक जवळजवळ ९३० मैल, सगळा आय-८० हा महामार्ग. नेब्रास्काचा भाग सपाट आणि कंटाळवाणा. कस लागतो तो वायोमिंगच्या चारशे मैलांत, त्यातही शायॅन ते रॉलिन्स या दीडशे मैलांत. लॅरमीच्या पश्चिमेला जुना यूएस-३० मेडिसिन बो गावावरून वळसा घालून जातो. आय-८० बांधताना मैल वाचवायला तो एल्क माउंटनच्या पायथ्याजवळून सरळ काढला आणि १९७० मध्ये उघडला. तिथल्या रँचवाल्यांनी आधीच बजावलं होतं की हिवाळ्यात त्या पट्ट्यात वारा काही टिकू देत नाही. झालंही तसंच, पहिल्याच मोसमात रस्ता बंद पडायला लागला. पुढच्या वर्षी रोनाल्ड टॅबलर या संशोधकाने बर्फ अडवायची लाकडी कुंपणं आखली. माळावर तिरप्या उभ्या फळ्यांच्या त्या लांबलचक रांगा तुम्हाला दिसतील. लोक या तुकड्याला (व्हिएतनाम युद्धातल्या ‘हो ची मिन्ह ट्रेल’वरून) ‘स्नो ची मिन्ह ट्रेल’ म्हणतात, ते उगीच नाही.

इथे पडणाऱ्या बर्फापेक्षा उडणाऱ्या बर्फाची धास्ती जास्त. आकाश निळंभोर, लख्ख ऊन, आणि डांबरावरून गुडघाभर उंचीची पांढरी भुकटी आडवी धावतेय, असं दिसलं की समजायचं ग्राउंड ब्लिझर्ड जवळ आहे. वारा आणखी वाढला की तीच भुकटी काचेपर्यंत चढते आणि पुढच्या ट्रकचे दिवेही दिसेनासे होतात. उन्हाने जरा तापलेल्या डांबरावर ही भुकटी बसते, वितळते आणि वाऱ्याने पुन्हा गोठते. त्यामुळे पाच मैल कोरडा रस्ता, मग पुलावर किंवा खोदलेल्या कडेजवळ दोनशे फूट काच, पुन्हा कोरडा. गाडी या काचेवर असताना आडवा झोत बसला तर आधी ट्रेलर सरकतो, आणि गाडी त्याच्यामागून फिरते. १ मार्च २०२०ला रॉलिन्सच्या पुढे वॅमसटरजवळ शंभरहून जास्त वाहनं एकमेकांवर आदळली, तीन माणसं गेली. तोही रविवारच होता.

वायोमिंगचं वाहतूक खातं या बाबतीत चोख आहे. ५११ या रस्त्यांच्या माहितीच्या सेवेचं अ‍ॅप घ्या, रस्त्यावरचे कॅमेरे त्यात दिसतात. नुसतं ‘बंद’ किंवा ‘चालू’ वाचू नका, मधल्या पायऱ्या वाचा. हलक्या उंच वाहनांना बंदी, हलक्या ट्रेलरना बंदी, ‘गरज नसेल तर प्रवास नको’ अशा सूचना वेगवेगळ्या येतात. तुमचा भरलेला ट्रेलर ‘हलक्या’त मोडतो की नाही याचा कीस पाडत बसू नका, मोडतो असंच धरा. ‘रोलिंग क्लोजर’ म्हणजे पुढच्या गावात ट्रक उभे करायला जागा उरली नाही म्हणून मागच्याच गावात गेट पाडलं. असं झालं की लॅरमीतल्या हॉटेलच्या खोल्या बघता बघता संपतात. म्हणून थांबायचं तर आधीच, सिडनी किंवा किमबॉलला थांबावं. गेट पडलेलं असताना कडेने निघून जायचा विचारही नको; दंड होतोच, शिवाय अडकलात तर सोडवायला लवकर कोणी येत नाही.

तुमच्या जागी मी असा बेत करेन. सोमवार-मंगळवार सुट्टी टाकायची. शनिवारी दुपारपर्यंत माल बांधून सिडनी गाठायचं, ते साधारण चारशे मैल. रविवारी उजाडल्यावर निघून शायॅन, लॅरमी, रॉलिन्स करत रॉक स्प्रिंग्ज. तिथल्या वाऱ्याचा जोर बहुतेक वेळा दुपारकडे वाढतो आणि पहाटे डांबर गोठलेलं असतं, म्हणून एल्क माउंटनचा पट्टा सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास काढलेला मला बरा वाटतो. सोमवारी उरलेले पावणेदोनशे मैल, म्हणजे सॉल्ट लेकच्या तोंडाशी असलेला पार्लीज कॅन्यनचा घाट भर उजेडात उतरता येईल. मंगळवार हातचा. सिडनीत सकाळी अंदाज वाईट दिसला तर दिवसभर तिथेच बसायचं, टीव्ही बघायचा. आणि गुरुवारीच अंदाज वाईट दिसत असेल तर निघूच नका. विकणाऱ्याला आत्ताच फोन करून विचारा, की आठवडाभर पुढे गेलं तर चालेल का. वर्कशॉप रिकामं करणाऱ्या माणसाला पैसे आगाऊ मिळाले की तो सहसा आढेवेढे घेत नाही.

कोणीतरी तुम्हाला डेन्व्हरमार्गे आय-७० सुचवेल. त्या वाटेवर वारा कमी हे खरं, पण आयझेनहावर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, पुढे व्हेल पास, आणि उतार वायोमिंगपेक्षा बरेच तीव्र. कोलोरॅडोत १ सप्टेंबर ते ३१ मे त्या डोंगरपट्ट्यात टायर-साखळ्यांचा नियम सगळ्यांनाच लागू असतो. पहिल्यांदा ट्रेलर ओढणाऱ्याला मी त्या वाटेने धाडणार नाही. थांबून आय-८०नेच जा.

आता माल. लेथ हे ट्रेलरवर न्यायला आडमुठं जनावर आहे: बुंध्याला अरुंद, वरून जड, आणि सगळं वजन हेडस्टॉककडे (स्पिंडलच्या टोकाकडे). पायांवर तसंच उभं करून पट्टे आवळले तर वळणावर ते आडवं व्हायला बघतं. आधी चक (काम पकडणारा जबडा) उतरवा. टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) काढून कपाटात ठेवा. कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) बेडच्या रिकाम्या टोकाकडे सरकवून लॉक करा, म्हणजे तोल थोडा सावरतो. मग पायांच्या भोकांतून बोल्ट घालून लेथ दोन जाड लाकडी तुळयांवर पक्कं करा, चार बाय सहाच्या. तुळया पायांच्या बाहेर दोन्ही बाजूंना निदान फूटभर निघाल्या पाहिजेत. तुळया ट्रेलरवर नुसत्या ठेवू नका. फळ्यांवर दहिवर पडून गोठलं की लाकडावर लाकूड साबणासारखं सरकतं, आणि पट्टा कितीही आवळला तरी बुडाशी झालेली हालचाल तो पूर्ण थांबवत नाही. तुळयांच्या चारही बाजूंना ठोकळे स्क्रूने मारा, किंवा थेट फळ्यांतून बोल्ट काढा.

बांधायला मी साखळी आणि पट्टे दोन्ही वापरतो. बुडाला पाच-सोळांश इंची ग्रेड ७० (माल बांधायची मजबूत) साखळी, पुढे-मागे तिरपी. वर बेडभोवती दोन इंची रॅचेट पट्टे, दोन्ही बाजूंना खाली ओढणारे. पट्टा लीड स्क्रू किंवा फीड रॉडवरून कधीच जाऊ देऊ नका. त्या वाकल्या तर लेथ घरी पोहोचेल, पण थ्रेड कापणार नाही. बेडच्या घासलेल्या कडेवर पट्टा कापला जातो, तिथे जुन्या टायरचा तुकडा घाला. पहिल्या पन्नास मैलांत एकदा थांबून सगळं पुन्हा आवळा. रॅचेटच्या दात्यांत पाणी गोठतं, म्हणून एक छोटी हातोडी पुढच्या सीटजवळ असू द्या. सिडनीच्या पार्किंगमध्ये सकाळी हातमोज्यातल्या हाताने तो खटका उघडत नाही, दोन टोले हाणावे लागतात.

ट्रेलरवर लेथचं हेडस्टॉकचं टोक पुढे ठेवा आणि वजनाचा मध्य दोन अ‍ॅक्सलच्या जरा पुढे येऊ द्या. रिकामा ट्रेलर १,८००, लेथ १,५००, कपाटं ७०० धरली तर एकूण ४,००० पौंड. त्याच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे ४०० ते ६०० पौंड हिचच्या बॉलवर यायला हवेत. कमी आले तर ट्रेलर झुलायला लागतो. कित्येक हाफ-टन गाड्यांच्या हिचवर मात्र वेट-डिस्ट्रिब्युशनशिवाय (बॉलवरचं वजन इतर चाकांवर वाटून देणाऱ्या जोडणीशिवाय) ५०० पौंडांची मर्यादा लिहिलेली असते, ती चिठ्ठी वाकून वाचा. अंदाजावर राहू नका. ओमाहाजवळच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल (गाड्यांचा वजनकाटा) असतो. एकदा ट्रेलरसकट आणि एकदा ट्रेलर सोडून नुसत्या पिकअपचं वजन करा, दोन चिठ्ठ्यांतल्या फरकावरून बॉलवरचं वजन कळतं. कमी-जास्त असेल तर लेथला हात न लावता कपाटं पुढे-मागे सरकवा.

त्याच चिठ्ठीवर तुमच्या पकडीच्या प्रश्नाचं उत्तर छापून येईल. मागच्या चाकांवर वजन वाढलेलं दिसेल, म्हणून गाडी सुटताना चाकं कमी फिरतील. पण पुढच्या चाकांवरचं वजन घटलेलं दिसेल, आणि वळवायचं काम तीच करतात, थांबवायचंही मोठं काम तीच करतात. म्हणजे जोरात निघायला सोपं, वळायला आणि थांबायला अवघड. फोर-व्हील-ड्राइव्हचंही तसंच; ती चालवते, थांबवत नाही. चढावर गाडी अगदी सहज जातेय म्हणून रस्ता चांगला आहे असा समज करून घेऊ नका.

ट्रेलरचे ब्रेक हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. मित्राला विचारा: इलेक्ट्रिक ब्रेक आहेत का, शेवटचे कधी उघडले होते, ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या यंत्रणेची) छोटी बॅटरी जिवंत आहे का. ती बॅटरी थंडीत सगळ्यात आधी मरते. ब्रेकअवेची पिन ओढून चाकं खरंच जखडतात का ते उभ्या ट्रेलरवर तपासा. पिकअपमध्ये ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारं यंत्र) नसेल तर बसवून घ्या, नाहीतर हा प्रवास हिवाळ्यात करूच नका, इतकं स्पष्ट सांगतो. कोरड्या पार्किंगमध्ये वीस-पंचवीसच्या वेगाने जाऊन कंट्रोलरची हातपट्टी दाबा. ट्रेलरची चाकं जखडेपर्यंत गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवा, मग थोडा कमी करा. ही झाली कोरड्याची सेटिंग. बर्फ लागला की गेन आणखी खाली आणायचा, कारण अशा ट्रेलरला सहसा एबीएस नसतं आणि जखडलेलं चाक सरळ जात नाही, कडेला जातं. ट्रेलर झुलायला लागला तर पायातला ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि हातपट्टीने ट्रेलरला मागून हलकंसं ओढून धरा.

ट्रेलरच्या टायरकडे कोणी बघत नाही. ‘एसटी’ म्हणजे खास ट्रेलरसाठीच्या टायरचं रबर कडक असतं, थंडीत आणखी कडक होतं. कडेला डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर मी बदलतो, नक्षी कितीही उरलेली असो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दर १० अंश फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय उतरते, त्यामुळे ओमाहात दुपारी नीट वाटलेले टायर लॅरमीला पहाटे बसलेले असतात.

चालवताना क्रूझ कंट्रोल बंद. कोरड्या रस्त्यावर साठ, ओलसर दिसला की पंचेचाळीस, आणि त्याहून हळू जावंसं वाटलं तर पुढच्या एक्झिटला उतरा. कमी दिसत असताना शोल्डरवर थांबू नका, मागचा ट्रक तुमच्या दिव्यांच्या रोखाने येतो. दिवे म्हटले म्हणून सांगतो: ट्रेलरचे एलईडी दिवे तापत नाहीत, त्यांच्यावर बसलेला बर्फ वितळत नाही. प्रत्येक थांब्यावर मागे जाऊन हाताने पुसा.

दोन उतार ध्यानात ठेवा. शायॅनहून चढत तुम्ही ८,६४० फुटांवर पोहोचता, आय-८०वरचा तो सगळ्यात उंच बिंदू. तिथून टेलिफोन कॅन्यनमधून लॅरमीपर्यंत सलग उतार आहे. दुसरा पार्लीज कॅन्यन, अगदी घराच्या तोंडाशी, जेव्हा माणूस दमलेला असतो आणि मनाने पोहोचलेलाही असतो. दोन्हीकडे वरच वेग कमी करून खालचा गिअर घ्या, उतारावर आल्यावर नाही. रस्ता निसरडा असेल तर फोर-व्हील-ड्राइव्हमध्येच उतरा, म्हणजे इंजिनचा ओढ चारही चाकांवर वाटला जातो. नुसत्या मागच्या चाकांवर आला तर ती घसरून गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटू शकतात. टो-हॉल मोडबद्दल (वजन ओढताना गिअर बदलण्याची पद्धत बदलणाऱ्या सेटिंगबद्दल) मतभेद आहेत. कोरड्यावर मी तो वापरतो. काचेवर बंद करतो, कारण न विचारता मध्येच गिअर खाली आला तर मागची चाकं सुटतात.

साखळ्या पिकअपसाठी घ्या, ट्रेलरच्या ब्रेक असलेल्या एका अ‍ॅक्सलसाठीही घ्या, आणि घरीच एकदा घालून बघा. त्या पुढच्या एक्झिटपर्यंत किंवा हॉटेलच्या पार्किंगमधून बाहेर पडण्यासाठी. साखळ्या आहेत म्हणून एल्क माउंटन ओलांडायला जाऊ नका.

बाकी सामान तुम्हाला ठाऊक असेलच: झोपायची पिशवी, पाणी, फावडं, उणे वीसचं वॉशर पाणी, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ न देणं. अडकलात तर गाडीतच बसा आणि इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा.

आता लेथची कातडी. नेब्रास्का-वायोमिंगच्या रस्त्यांवर मीठ आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण फवारतात, आणि तुमच्याच मागच्या चाकांचा तो फवारा नऊशे मैल उघड्या बिडावर (ओतीव लोखंडावर) बसणार. बेड, स्पिंडलचं नाक, टेलस्टॉकचा क्विल यांवर साधं तेल पुरत नाही, धुऊन जातं. मेणासारखं बसणारं गंजरोधक लावा, कॉस्मोलिनच्या जातीचं. त्यावर स्ट्रेच फिल्म घट्ट गुंडाळा. ताडपत्री घालायचीच असेल तर तीही अंगाला चिकटून बांधा. सैल ताडपत्री वाऱ्यात शीड होते आणि फडफडून लेथचा रंग खरवडते. मी बहुतेक वेळा फिल्मचेच जास्त थर देतो, ताडपत्री घालत नाही.

घरी पोहोचल्यावर ती फिल्म लगेच फाडू नका. दोन दिवस थंडीत गारठलेलं दीड हजार पौंड बीड उबदार गॅरेजमध्ये आलं की त्याला दरदरून घाम फुटतो, आणि रात्रभरात बेडवर तांबूस थर येतो. फिल्मवरचं मीठ आधी पाण्याने धुऊन, पुसून घ्या. मग गुंडाळलेलंच राहू द्या, बाहेरचा घाम प्लास्टिकवर बसेल. हात लावल्यावर बीड खोलीइतकंच गार लागेल, तेव्हा उघडा. दीड-दोन दिवस लागतात. उतरवायला दोन टनी शॉप क्रेन भाड्याने मिळते, पण तिचे पाय तुळयांच्या रुंदीत बसतात का ते आधी मोजा. ट्रेलर परत देण्यापूर्वी खालून धुवा आणि ट्रेलरच्या दिव्यांच्या आणि ब्रेकच्या सेव्हन-पिन कनेक्टरमध्ये ग्रीस भरा.

हिचवरची चिठ्ठी आणि ट्रेलरच्या टायरवरचे ते चार आकडे कळवा, मग वजन पुढे-मागे कसं ठेवायचं ते नेमकं सांगता येईल.